कोपऱ्यावरून दोनदा हात

ऑर्वाने बूट दाराबाहेर काढले, हॅट बुटांवर ठेवली आणि नुसत्या मोज्यांनी तो त्या जुन्या मोटरहोममध्ये, त्या चाकांवरच्या घरात, चढला. आत गेल्या गेल्या त्याने नाक वर करून वास घेतला. वडिलांमागे राहिलेली ही गाडी विकायला ड्वेन शिकागोहून आला होता. तो माझ्याकडे बघून हसला.

"मला वाटलं मेकॅनिक आणाल. हे दाढीवाले काका कोण?"

"इंजिन मी बघितलंय. तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी," मी म्हणालो. "काका छत बघतील."

"आमिश ना हे? बग्गीतून फिरणारे? यांना गाडीतलं काय कळणार?"

शिकागोवाल्याला काय सांगायचं? आमच्या एल्कहार्ट भागात दगड भिरकावला तर तो मोटरहोम बांधणाऱ्यालाच लागतो, आणि त्यातले कितीतरी आमिश असतात. धर्माने जी गाडी घेता येत नाही, चालवता येत नाही, ती दिवसभर बांधायची आणि संध्याकाळी सायकलवरून घरी जायचं. ऑर्वाने एकतीस वर्षं तेच केलं.

जुन्या मोटरहोममध्ये सगळ्यात आधी पाणी बघायचं असतं. इंजिन दुरुस्त होतं, पण छत गळून आतलं लाकूड कुजलं की गाडी गेली. गळतं ते बहुधा कोपऱ्यात. ऑर्वा छतावर कामाला होता तेव्हा कोपऱ्याला लेप लावायचा, वाळू द्यायचा आणि परत लावायचा. बाकीचे एकदाच लावत. कारखान्यात मजुरी दिवसाला किती गाड्या तयार झाल्या त्यावर, म्हणून त्याच्या लेपाच्या दुसऱ्या हातामुळे सगळ्यांचं नुकसान होई. लोक त्याला गोगलगाय म्हणू लागले. शेवटी मुकादमाने त्याला छतावरून उतरवलं आणि पडदे अडकवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत पडदेच.

वीस वर्षं मी त्याला आणि त्याच्या बायकोला, विल्माला, माझ्या गाडीने दवाखान्यात आणि बाजारात नेतोय. एवढ्या वर्षांत त्याने ही गोष्ट एकदाच सांगितली. शेवटी म्हणाला, "काय माहीत, ग्लेन. त्यांचंच बरोबर असेल."

आज दारावरच्या पट्टीवर आपल्याच कारखान्याचं नाव आणि नंबर वाचून तो थबकला होता. "अठ्ठ्याण्णवचा ऑक्टोबर," एवढंच पुटपुटला. पडद्यांवर त्याला बसवलं ते त्याच वर्षीच्या नाताळात. म्हणजे हे छत त्याच्याच हातचं होतं.

छत कुजकं निघालं तर मी आणि माझी बायको कॉनी दुसरी गाडी बघू. ऑर्वाने काय बघायचं?

मागचे दोन कोपरे त्याने अंगठ्याने दाबले, मग खिशातल्या टोकदार आरीने टोचले. टणक होते. पुढचा उजवा टणक. पुढे डावीकडे, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याशी, तपकिरी डाग होता. तिथे त्याचा अंगठा आत गेला.

"मऊ आहे," तो म्हणाला.

"कारखान्याचं काम हो," ड्वेन म्हणाला. "घाईघाईत बांधतात नुसते. कोणीतरी आळशी माणूस असणार."

ऑर्वाचे कान लाल झाले. "शिडी आहे का?" त्याने विचारलं.

बहात्तर वर्षांचा माणूस मोज्यांनीच वर चढला. मागोमाग मी शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलो. डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अलीकडे एक लोखंडी पाय छतात ठोकलेला होता, आणि त्याचे स्क्रू गंजून ढिले झाले होते.

"हे काय?"

"टीव्हीची थाळी होती, डिश," खालून ड्वेन म्हणाला. "बाबांनी स्वतः बसवली. मॅच बघायला."

पाणी त्या भोकांतून गेलं होतं. ऑर्वाने नखाने कोपऱ्यावरचा मळ खरवडला. खाली लेपाचे दोन थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसले. त्याने सांध्यात आरी घालून बघितली. आरी आत जाईना. तो तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला, जरुरीपेक्षा बराच वेळ.

मला राहवलं नाही. "ड्वेन, हे छत यांनी बांधलंय! चोवीस वर्षं झाली, चारही कोपरे..."

"ग्लेन," ऑर्वा म्हणाला. "पुरे."

गर्वाचं घर खाली, ही त्यांच्यात नुसती म्हण नाही, कायदा आहे. ही माणसं स्वतःचा फोटोसुद्धा काढून घेत नाहीत. मी काही त्यांच्या चर्चचा नाही. मला अभिमानाने फुलायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि मी त्या शिडीवर उभा राहून चांगला फुललो होतो.

ड्वेन जरा ओशाळला. "मग त्या कोपऱ्यावर सही करा, काका. गाडीला भाव येईल."

"ही थाळीची भानगड काढायला हवी," ऑर्वा म्हणाला. "ग्लेन, तू गाडी घे. तेवढी फळी मी बदलून देतो."

मी घेतली. त्याने फळी बदलली, भोकं बुजवली, लेप लावला, दुसऱ्या दिवशी परत लावला. कोपऱ्याला मात्र हात लावला नाही.

जानेवारीत आमिश मंडळी बसने फ्लोरिडाला उन्हं खायला जातात. यंदा ऑर्वा आणि विल्मा आमच्या गाडीतून आले. नुसतं बसायला धर्माची ना नसते. जॉर्जियात भरदुपारी असा पाऊस लागला की पुढचं दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली. कॉनीने कॉफी ओतली, विल्मा घरचा ब्रेड कापू लागली. डोक्यावर पाऊस इतका वाजत होता की बोललेलं ऐकू येईना.

ऑर्वा उठला, पुढे गेला आणि डाव्या कोपऱ्यात तळवा टेकवून उभा राहिला.

"बस की खाली," विल्मा ओरडली. "कॉफी निवतेय."

तो हलला नाही. नुसता मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. कारखान्यात 'गोगलगाय' ऐकून तो रोज संध्याकाळी घरी विल्माकडेच यायचा, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

विल्माने सुरी ठेवली, एप्रनला हात पुसले आणि ती त्याच्याजवळ गेली. दोरीवरचे कपडे वाळले का बघावं, तसा तिने त्याच्या हाताशेजारी आपला हात लावला. आधी तळवा, मग बोटांची उलटी बाजू.

"कोरडं आहे," ती म्हणाली, आणि परत येऊन ब्रेड कापू लागली. पहिला तुकडा तिने ऑर्वाच्या बशीत ठेवला. त्यावर लोणी लावलं, आणि मग पुन्हा एकदा लावलं.