दुपट्याची जागा

"अजून एकच सवारी येऊ द्या मावशी, मग सुटतोच."

अन्वर हे तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा रिक्षात मागे चौघी बसल्या होत्या आणि पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जण अर्ध्या मांडीवर टेकला होता.

"आता कुठे बसवशील रे? टपावर?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"थोडं थोडं सरका. जागा दिलात पाहिजे मावशी, रिक्षात काय!"

"दिलात आहे बाबा, पण माझा एक पाय रस्त्यावर आहे."

मागच्या बायका हसल्या. जळगावात शहराची बस होती तेव्हा सुनंदाबाई तिला नावं ठेवायच्या. वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही. बस बंद झाली आणि मग कळलं की नावं ठेवायलासुद्धा काहीतरी असावं लागतं. आता कॉलनीतून बाहेर पडायचं तर अन्वरची रिक्षा भरेल तेव्हा. पोळ्या झाल्या, भाजी फोडणीला पडली, धुणं वाळत गेलं, की मग शहर आपल्याला घेऊन जाणार. तरी या कोंबाकोंबीचं त्यांना वाईट वाटत नसे. कुणाच्या पिशवीतली मेथी आपल्या मांडीवर, कुणाच्या नातवाचा पाय आपल्या पोटात. वीस वर्षं शेजारी राहून जे कळत नाही, ते स्टँडपर्यंतच्या वाटेत कळायचं.

आज मात्र त्यांनी मांडीवर काही येऊ दिलं नाही. मांडीवर गाठोडं होतं.

गाठोड्यात दुपटं होतं, बाळाला गुंडाळायचं. त्यांच्या मायचं हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. अन्वरच्या बायकोनं, रईसानं ते शिवून दिलं होतं. देताना म्हणाली होती, "आपा, टाका बारीक घातलाय. लेकराला गाठ नाही टोचायची. आणि काठ कापला नाही बरं का, तसाच वळवून घेतला. आईच्या लुगड्याचा काठ कापू नये."

धुळ्याला, देवपुरात, आज बारसं होतं. धाकटा भाऊ गिरधर, त्याचा एकुलता मुलगा, त्याची ही पहिली लेक. बाळाला सख्खी आत्या नाही. म्हणून बापाच्या आत्याला मान. कानात नाव सांगायचं ते सुनंदाबाईंनी आणि बाळ पाळण्यात घालायचं ते पणजीच्या लुगड्यात.

एवढं सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते घरात.

मागच्या हिवाळ्यात एसटीच्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला होता. उजवं मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हापासून योगराज, त्यांचा मुलगा, एकच धोशा लावून होता. चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होता तो. हप्त्यावर का होईना, गाडी दारात उभी होती. "आई, आता एसटी नको. मी नेईन." नेणार कधी, तर त्याला सुट्टी असेल तेव्हा, आणि सुट्टीला तो झोपलेला असायचा बिचारा. पोटचा पोरगा, उठवायचं तरी कसं? सहा महिन्यांत सुनंदाबाई ना अमळनेरला नणंदेकडे गेल्या, ना भडगावच्या मैत्रिणीच्या सुनेला बघायला. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, सरकारनं माझं अर्धं माहेर परत दिलं. ते आता दारातल्या गाडीखाली गेलं होतं.

या बारशाला त्या हट्टाला पेटल्या. शेवटी योगराज म्हणाला, "जा. पण ऐक, यात काही झालं, काहीही, तर पुन्हा एसटीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," त्या म्हणाल्या होत्या. बोलून बसल्या होत्या.

स्टँडवर उतरल्या तेव्हा लग्नसराईची गर्दी होती. फलाटावर गाडी वळत होती आणि तिच्या कपाळावर पाटी होती, धुळे. माणसं गाडी थांबायच्या आत तिच्या अंगाला बिलगून पळू लागली. सुनंदाबाई पळाल्या नाहीत, पण चाळीस वर्षांचा हात तो, आपोआप वर गेला. मागून तिसरी खिडकी उघडी दिसली. त्यांनी टाचा उंचावून गाठोडं आत सारलं, सीटवर नीट बसलेलं डोळ्यांनी पाहिलं, आणि निश्वास सोडला.

झालं. जागा झाली.

हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. पण साऱ्या खानदेशात ज्याला त्याला पाठ आहे. रुमाल टाका, टोपी टाका, कोथिंबिरीची जुडी टाका, ती जागा तुमची. मायच तर शिकवायची, कडेवर घेऊन, जात्यावरच्या गळ्यानं गुणगुणत:

माहेरच्या गाडीला गं, खिडकी माझ्या हाताची,
जागा धरते बाई मी, पदराच्या गाठीची.

जागा धरली की माणूस मोकळा. धुळ्याची गाडी आली की इथे चहा घेऊनच परतते, हे त्यांना ठाऊक होतं. दारातली रेटारेटी ओसरू दे, मनगटाला धक्का नको, म्हणून त्या निवांत कँटीनकडे गेल्या. चहा घेतला. बशीतला शेवटचा घोट फुंकून प्यायल्या. पदरानं तोंड पुसत परत आल्या.

फलाट रिकामा होता.

आधी त्यांना वाटलं, आपणच चुकीच्या फलाटावर आलो. मग बाकावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "नाना, इथली धुळ्याची गाडी?"

"धुळानी? ती धुळाथून उनी व्हती, आक्का. मुक्ताईनगर गई."

गाडी धुळ्याला जाणारी नव्हती, धुळ्याहून आलेली होती. पाटी बदलायची राहिली होती आणि ती बदलली तेव्हा सुनंदाबाई बशी फुंकत होत्या.

धुळं मावळतीला, मुक्ताईनगर उगवतीला. मायचं लुगडं उलट्या दिशेनं निघालं होतं.

त्या बाकावर बसल्या. पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. योगराज. निघालीस का, विचारायला असणार. त्यांनी फोन वाजू दिला. वाजून वाजून तो गप्प झाला, तसं त्यांना वाटलं, आपलं येणंजाणंच गप्प झालं. यापुढे खिडकीच्या काचा वर, गार हवा, आणि पोराची सुट्टी.

"रडू नका," म्हातारा म्हणाला. तोताराम त्याचं नाव, अमळनेरकडचा. "गाठोडं फुकटमा फिरी रायनं, आनि मालकीण आठे बठेल शे! अहो, चौकशीवर जा ना."

गाठोडं फुकट हिंडतंय आणि मालकीण इथे बसलीय, या कल्पनेनं त्याही अवस्थेत त्यांना हसू आलं. उठल्या.

चौकशीच्या खिडकीत चंदन नावाचा तरुण नियंत्रक होता. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "मावशी, पाटी काय बघता? कंडक्टरला विचारायचं असतं."

"विचारलं असतं रे, पण मी काय आज पहिल्यांदा जागा धरली?"

"तेच तर. नवा माणूस विचारतो, जुना गाडी चुकवतो." त्यानं फोन लावला आणि सुनंदाबाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "रूपालीताई, जळगावहून बोलतोय. मागून तिसऱ्या सीटवर गाठोडं आहे का एक?"

पलीकडे इंजिनाची घरघर, लेकराचं रडणं, आणि मग कंडक्टर रूपालीचा वैतागलेला आवाज. "आहे ना! केव्हाची विचारते, कोणाचं आहे, कोणाचं आहे. बाई आहेत कुठे?"

"बाई इथे आहेत. माझ्यासमोर."

मग रूपाली गाडीतल्या लोकांना म्हणताना ऐकू आली, "अहो, त्या बाई जळगावलाच राहिल्या!" आणि गाडीभर असा काही गलका उठला, हसण्याचा, कण्हण्याचा, की चंदननं फोन हातभर लांब धरला.

"मावशी," रूपाली म्हणाली, "गाडी खच्चून भरलीय. पंधरावीस माणसं उभी आहेत. पण तुमचं गाठोडं एकटं ऐसपैस बसलंय खिडकीशी. एकानं उचलायला हात लावला, तर बाकीचे अंगावर गेले त्याच्या. म्हणे, बाईमाणसाची जागा आहे, येईल ती, पाणी प्यायला गेली असेल."

सुनंदाबाईंनी खिडकीतून फोनजवळ कान नेला.

"गाठोड्यात काय आहे ते सांगा आधी. तुमचंच कशावरून?"

"दुपटं आहे. हिरवं, तांबड्या काठाचं. बाळाचं. काठ कापलेला नाही बघा, वळवलाय."

सुटल्या गाठीची सळसळ झाली. "हो, बरोबर. किती मऊ आहे हो." मग तिच्या फोनजवळ कुणी पुरुष वाकला असावा. दमलेला, जरा घोगरा आवाज. "मावशी, एक विचारू का? आता बसू का आम्ही तुमच्या जागेवर?"

चंदन हसू लागला. बाकावरून उठून आलेला तोताराम हसू लागला. सुनंदाबाईंनी डोळे पुसले. "बसा बाबा, बसा. तुमचीच जागा आहे. तेवढं दुपटं मांडीवर घ्या."

"घेतो. नातवासारखं घेतो."

ठरलं असं, की भुसावळला रूपाली ते जळगावच्या गाडीत देईल. यात नवं काही नव्हतं. या भागात शिकायला गेलेल्या पोरांचे डबे असेच जातात, ड्रायव्हरच्या पाठीशी बांधून. भाकरी पोहोचते, तर दुपटं का नाही पोहोचणार?

वाट बघायची तेवढी राहिली. दरम्यान धुळ्याची एक गाडी लागली, खरी धुळ्याची. तोताराम म्हणाला, "जा ना आक्का, दुपटं मांगेथून ई जाई." दुपटं मागून येईल हे खरं, पण त्या हलल्या नाहीत. गाडी भरली, निघूनही गेली. बारसं तिन्हीसांजेला होतं, जीव टांगणीला लागला होता. पण रिकाम्या हातानं जाऊन त्या बाळाला कशात गुंडाळणार? आणि योगराजला काय सांगणार?

बसल्या बसल्या त्यांना अन्वरची रिक्षा आठवली, बंद पडलेली शहराची बस आठवली, योगराजची गाडीही आठवली. गाडीत पाच जागा असतात आणि पाचही आपल्याच. तिथे कुणी कुणाची जागा राखत नाही, राखायचं कारणच नसतं. तो घोगऱ्या आवाजाचा माणूस कोण, कुठला, काय जातीचा? त्याचे पाय दुखत असणार. एका न आलेल्या बाईसाठी तो उभा राहिला, आणि तिचं तोंडही त्यानं पाहिलं नाही. हे योगराजला सांगावं, तर तो म्हणेल, आई, तू विषय बदलू नकोस.

भुसावळची गाडी आली. ड्रायव्हरनं इंजिन बंदही केलं नाही, खिडकीतूनच गाठोडं खाली दिलं. "आत्याबाई कोण? बारशाचे पेढे ठेवा आमचे!" म्हणजे गोष्ट गाडीगाडीतून त्यांच्या आधी पोहोचली होती. गाठोड्याची गाठ कुणीतरी नव्यानं बांधली होती, सुनंदाबाईंच्या गाठीपेक्षा घट्ट.

या खेपेला त्यांनी पाटी पाहिली, कंडक्टरला विचारलं, आणि खात्री करायला बाजूच्या बाईलाही विचारलं.

देवपुरात पोहोचल्या तेव्हा दिवे लागायला आले होते. दारात गिरधर उभा. "अक्का, अगं किती उशीर! मयुरी केव्हाची लेकीला नटवून बसलीय!" त्यांनी गाठोडं त्याच्या हातात दिलं. त्यानं काठ ओळखला. पंचावन्न वर्षांचा बाप्या माणूस, पण दुपटं त्यानं नाकाला लावलं आणि आत निघून गेला.

नाव कानात पडलं, कुर्रर्र झालं, बायकांनी पाठीत बुक्के घातले. पाळणा म्हणायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेली कडवी झाली आणि सुनंदाबाईंच्या तोंडून आपली आपणच एक नवी ओळ आली:

उभ्या उभ्या माणसांनी गं राखली तुझी जागा,
त्यांच्या हाताचा बाई तुझ्या दुपट्याला धागा.

बायकांनी अर्थ न विचारता "जो बाळा जो जो" म्हटलं.

त्या रात्री योगराजचा फोन त्यांनी घेतला. "पोहोचले. बारसं छान झालं. बाकीचं उद्या सांगते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर त्या जळगावच्या गाडीत चढल्या. गाडी भरलेली होती. एकच जागा रिकामी, आणि तिच्यावर निळा रुमाल. कॉलेजची एक मुलगी दांडीला धरून उभी होती. ती म्हणाली, "आजी, बसा ना. केव्हाचं कोणी आलेलं नाही."

"येईल," सुनंदाबाई म्हणाल्या आणि चांगल्या हातानं दांडी धरली.

तेवढ्यात योगराजचा फोन आला. काल दुपारी फोन उचलला का नाहीस, होतीस कुठे, आता तरी खरं काय ते सांग. त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, चहा, मुक्ताईनगर, एकही गोष्ट गाळली नाही. उभी माणसं सांगितली आणि घोगऱ्या आवाजाचा माणूसही सांगितला. शेवटी म्हणाल्या, "तू म्हणाला होतास, काही झालं तर. तर झालं बाबा. लपवत नाही."

योगराज चालत बाहेर आला असावा. कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज लांब गेला.

"आणि आता?" त्यानं विचारलं. "जागा मिळाली का बसायला?"

"जागा आहे एक. पण रुमाल आहे तिच्यावर."

"म्हणजे उभी आहेस?"

"उभी आहे."

"मनगट?"

"डाव्या हातानं धरलंय. घट्ट."

खाली फलाटावर एक बाई कडेवरचं पोर सावरत, हातात पाण्याची बाटली घेऊन गाडीकडे धावत येत होती. ती पायरी चढली, रुमालाकडे बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आई," योगराज म्हणाला, "जळगावला कोणत्या फलाटावर उतरशील?"

"का रे? गाडी घेऊन येतोस?"

"नाही. कारखान्यातून थेट मोटरसायकलवर. कंडक्टरला विचारून सांग," तो म्हणाला. "पाटी बघून नको. पुढच्या खेपेलाही."