घाबरलेल्या आईचं दूध

फेनेलची होडी समुद्रात उलटलेली सापडली, तो मात्र दिसला नाही, ही बातमी कोळ्यांनी आणली तेव्हा त्याची बायको वोस्लीन उंबऱ्यात बसून बाळाला पाजत होती. ऐकताक्षणी सासूनं, देसिलियानं, पोरगं तिच्या छातीवरून ओढून घेतलं.

"आता पाजायचं नाही," ती म्हणाली. "असा धक्का बसला की दूध नासतं. लेकराला विष होतं ते."

हैतीच्या आमच्या या किनाऱ्यावर हे सगळेच मानतात. वोस्लीनही मानत होती. धक्का उतरावा म्हणून सासूनं दिलेला कडू पाल्याचा काढा ती मुकाट्यानं प्यायली. स्वतःचा मुलगा हरवलेला असताना म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन आरारूटची पेज भरवत होती. तिला काय बोलणार?

पोरानं पेज ओकून टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. वोस्लीनची छाती दाटून दगड झाली होती, त्याचं रडणं ऐकलं की पोलकं भिजायचं. मग तेही कमी होत गेलं. रडणं बारीक झालं, लंगोट सुकाच राहू लागला, टाळू आत गेली.

"आई, द्या त्याला इकडे."

"नाही."

"ओठ बघा त्याचे. भुकेनं मरेल तो."

"दुधानं मरेल." देसिलियानं पोराला आणखी घट्ट धरलं. "फेनेलच्या आधी मला मुलगी होती. माझा बाप गेल्याचं कळलं, आणि मी वेडी रडत रडत तिला पाजत बसले. आठवड्यात गेली ती. तू मला शिकवू नकोस, पोरी."

वोस्लीननं फळीवरचा पेला घेतला आणि छाती दाबून दाबून त्यात दूध काढलं. कळा येत होत्या. पेल्याचा तळ जेमतेम झाकला. त्यातलं अर्धं ती सासूसमोरच प्यायली.

"विष असेल तर आधी मला चढू दे," ती म्हणाली.

पोरानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. देसिलियानं त्याच्याकडे पाहिलं, पेला हिसकावून घेतला आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं.

"गोड आहे," ती म्हणाली. मग अगदी हळू, "तेव्हा माझंही गोडच असेल."

तिनं पोराला वोस्लीनच्या ओटीत ठेवलं. त्याच्यात ओढायचंही त्राण नव्हतं. वोस्लीन थेंब थेंब त्याच्या ओठांवर पिळत राहिली. तो चाटू लागला, मग कसाबसा चोखू लागला. एक बाजू संपली की दुसरी, पुन्हा पहिली. दिवसभर तिनं त्याला खाली ठेवलं नाही. देसिलिया तिला भोपळ्याचं कालवण भरवत होती.

शेजारणी दारात येऊन कुजबुजल्या, "नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही पाजतेय?"

"मीच सांगितलंय," देसिलिया म्हणाली. "जा आपापल्या घरी."

संध्याकाळी लंगोट ओला झाला. तो धुवायला म्हणून देसिलिया बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. वोस्लीनला तिचं रडणं ऐकू आलं. बातमी आल्यापासून म्हातारी पहिल्यांदाच रडत होती.

फेनेल पुढेही कधी परत आला नाही.