सर्वांत मोठा आवाज

मित्रांनो, बोटभर लांबीचा, पडद्याला तडा गेलेला मी एक एमपीथ्री प्लेअर आहे. सुरतेत गोडादरा भागातल्या एका खोलीत, पत्र्याच्या डब्यात पडून असतो.

मी तयार झालो तेव्हा बाजारात आमची मोठी चलती होती. दर महिन्याला नवी कंपनी निघे. कोणी जास्त गाणी भरी, कोणी रेडिओ जोडी. आमच्या कारखान्यात आवाजाला एक मर्यादा घातलेली असे. दुसऱ्या कंपनीचे प्लेअर जास्त मोठ्याने वाजतात म्हणून खपतात, असे कळले आणि आमच्या मालकाने ती मर्यादा काढून टाकली. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले, 'सर्वांत मोठा आवाज'. मला त्याचा अभिमान वाटे.

मला विकत घेणारा सुकलाल धुळ्याकडचा. सुरतेत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, बारा तास उभा राहायचा. दुकानात त्याने चार प्लेअर लावून पाहिले. दुकानदार म्हणाला, “भाई, ये ले जाओ. लूम के बीच में भी सुनाई देगा.”

ते खरे होते. शेडमध्ये शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, पण कानात इअरफोन घातले की माझी अहिराणी गाणी सुकलालला ऐकू येत. त्याचे बारा तास जरा सुसह्य झाले.

पहिल्या वर्षी तो माझा आवाज वीसवर ठेवी. मग पंचवीस. तिसऱ्या वर्षी तीस. तीसच्या पुढे माझ्याकडे आकडा नव्हता. घरी त्याची बायको रंजना हाका मारून थके.

“तुम्हले आयकू येत नही का?”

“मन्हं ध्यान नव्हतं,” तो हसून म्हणे.

एका दुपारी शेजारच्या लूमवर किसनचा हात पट्ट्यात अडकला. किसन त्याच्याच गावचा. त्यानेच सुकलालला सुरतेत आणले होते. किसन ओरडला. पुन्हा ओरडला. सुकलालची त्याच्याकडे पाठ होती आणि मी तीसवर वाजत होतो. लांबच्या लूमवरचा माणूस धावत आला, तोवर किसनची तीन बोटे गेली होती.

सुकलालने मला खिशातून ओढून जमिनीवर आपटले. नंतर कोण जाणे का, पुन्हा उचलून घरी आणले.

रंजना त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तिला म्हणाले, “लूमचा आवाज आणि वरून या गाण्यांचा. कान कधीचेच गेलेत. त्या दिवशी हे लावलं नसतं, तरी हाक ऐकू आली असती की नाही, सांगता येत नाही.” घरी येऊन तिने हे सारे त्याच्या कानाशी ओरडून सांगितले. त्याने मला पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावले.

पुढे मोबाइल आले. आमची कंपनी बुडाली, दुसरीही बुडाली.

मागच्या दिवाळीनंतर, बऱ्याच वर्षांनी, किसन घरी आला. रंजना पाणी भरायला गेली होती. दोघेच समोरासमोर बसले. सुकलालची नजर त्या हातावरून हलेना. किसन हळूच म्हणाला, “सुकलाल, तुना काही दोस नही भो. मना मनमा राग नही.”

सुकलाल पुढे वाकला. “काय म्हनस?”

किसनने तोंड उघडले. पण एवढे शब्द दुसऱ्यांदा, तेही ओरडून, त्याला जमले नाहीत. त्याने धड हाताने ‘काही नाही’ अशी खूण केली आणि तो उठला. सुकलाल दारापर्यंत गेला, खाली मान घालून.

किसन काय बोलला, ते त्या खोलीत मी एकट्याने ऐकले. म्हणून सांगतो मित्रांनो, कान जपा. गाणी जरूर ऐका, पण जवळच्या माणसाचे हळू बोलणेही पोचेल, इतकाच आवाज ठेवा.