टायरवरचा फुगा

मित्रांनो, आगरदांड्याच्या धक्क्याला दोरखंडाने बांधलेला, एका बाजूने फाटलेला जुना टायर म्हणजे मी. फेरीबोट धक्क्याला टेकते तेव्हा तिचा मार मी अंगावर घेतो. हे काम मला जमतं. माझं आधीचं काम मात्र वाईट तऱ्हेने संपलं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी कारखान्यात घडलो, तरी माझं मूळ झाडात आहे. केरळातल्या डोंगरउतारांवर माणसं पहाटे रबराच्या झाडाची साल तिरपी कापतात आणि पांढरा चीक थेंबाथेंबाने वाटीत जमतो. लावल्यापासून सहा-सात वर्षं हे झाड काहीच देत नाही. जगातलं बरंचसं रबर थायलंड, इंडोनेशिया अशा मोजक्या देशांतून येतं. तिथे पाऊस लांबला किंवा पानांवर रोग पडला, की इथली चाकं अडतात. अवजड गाडीच्या टायरचं या चिकाशिवाय भागत नाही.

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या डाव्या चाकावर मी चढलो. चालक होता धर्माजी, मुरूडजवळच्या गावचा. निघण्याआधी तो माझ्यावरून हात फिरवायचा, नक्षीत अडकलेले खडे काढायचा.

मग एका वर्षी नवे टायरच येईनात. ट्रेलरचे मालक हितेशशेठ दुकानदाराला रोज फोन करत. तिकडे बागांत पाणी भरलंय, चीक काढणं बंद आहे, थांबा, असं उत्तर येई. थांबता थांबता माझी नक्षी झिजून गेली आणि एका सकाळी माझ्या गाडीखालच्या, आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला.

उरणच्या रस्त्यावर तुळसाचं टायरचं दुकान होतं. धर्माजीने ट्रेलर तिथे नेला. तिने वाकून फुगा दाबून पाहिला.

"आतलं तुटलंय," ती म्हणाली. "ह्यो आता भरल्या गाडीखाली चालायचा न्हाय."

धर्माजीने तसं शेठना सांगितलं. पण त्या दिवशीचा माल म्हणजे परदेशातून आलेलं कच्चं रबरच होतं आणि टायरचा कारखाना त्याची वाट पाहत होता. एवढी एक खेप कर, मग नवे टायर मिळतील, असं शेठ म्हणाले. धर्माजी तयार झाला नाही. चावी शेठच्या टेबलावर ठेवून तो घरी गेला.

दुपारी ती चावी कुलदीपने उचलली. तो वीस वर्षांपूर्वी पंजाबातून आलेला, धर्माजीच्या शेजारी बसून डबा खाणारा चालक. आतल्या बाजूचा फुगा त्याला दिसला नाही. शेठनीही त्याला फुग्याचं सांगितलं नाही.

पेणच्या पुढच्या उतारावर मी फुटलो. गाडी डावीकडे ओढली गेली आणि खडकावर आदळली. कुलदीपचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

फुटल्यावर मला तुळसाच्या दुकानात आणून टाकलं होतं; पुढचं मला कळलं ते तिथेच, धर्माजीच्या तोंडून. तो इस्पितळात गेला तेव्हा कुलदीपने त्याला एवढंच विचारलं, "तुला फुगा दिसला होता?"

"दिसला होता."

"मग मला एक फोन का नाही केलास?"

त्या दिवशी धर्माजी रागात होता. आपण सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

धर्माजीने ट्रेलर सोडला. मला भंगारात देऊ नको असं तुळसाला सांगून तो मला इथे घेऊन आला. आता तो फेरीवर गाड्या चढवण्याचं काम करतो. दर रविवारी कुलदीपला फोन लावतो. कुलदीप अजून उचलत नाही.

मित्रांनो, झाडांनी दिलेलं रबर जपून वापरा, हे तर मी म्हणेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. एखादी वस्तू धोक्याची झाली हे कळल्यावर नुसते बाजूला होऊ नका. तुमच्यामागून तिला हात लावणाऱ्याला सांगा.

काल एका टेंपोच्या मागच्या चाकाला धर्माजीला चीर दिसली. त्याने चालकाला सांगितलं, पण तो मोबाइलवर बोलत होता. धर्माजी टेंपोसमोर जाऊन उभा राहिला. बोटीचा भोंगा वाजला, मागच्या गाड्या ओरडू लागल्या. चालक फोन ठेवून खाली उतरेपर्यंत धर्माजी जागचा हलला नाही.