आतल्या खिशातली माळ

दोऱ्यात ओवलेली अळंबी. काळ्या रंगाचं पातेलं. एक जास्तीचं ताट. उसवलेल्या टाक्यांच्या खुणा.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मी एक जुना कोट आहे. आता काळा, पण शिवला गेलो तेव्हा निळसर होतो. खांद्यावर देशाचं नाव होतं, चेकोस्लोवाकिया. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. तिथून निसटलेली आमची माणसं इंग्लंडमधून बॉम्बफेकी विमानं उडवत. त्यांतला ओताकर माझा धनी.

सुटीच्या सकाळी ही मंडळी रानात अळंबी शोधत. विमानतळावरच्या खानावळीतल्या इंग्रज मॉडबाई त्यासाठी भांडंसुद्धा देत नसत. जर्मनांच्या हातून वाचलात, आता विष खाऊन मरा, म्हणायच्या. ओताकरचा मित्र वेंडेलिन हसत हसत माळा ओवायचा आणि खाटेवर वाळत टाकायचा.

एक माळ त्याने वेगळी ठेवली. "ही आईची. नाताळच्या रात्री ती जवात अळंबी घालते. मी नाही पोचलो, तर तू नेऊन दे. वाटेत खाऊ नकोस म्हणजे झालं."

त्याचं विमान समुद्रावरून परतलं नाही. माळ माझ्या आतल्या खिशात आली.

लढाई संपली. मायदेशी आमच्यावर फुलं पडली. पण त्या आईसमोर आपण जिवंत कसं उभं राहायचं, हे ओताकरला सुचेना. पुढच्या नाताळला जाईन, असं तो बायकोला सांगायचा.

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास," ब्लाझेना म्हणायची.

मग सरकार बदललं, कम्युनिस्ट आले. इंग्रजांबरोबर लढलेले आता देशद्रोही ठरले. ओताकरला तुरुंगात नेलं. ब्लाझेनाने माळ काढून ठेवली, माझ्या खांद्यावरचं नाव उसवलं, मला काळ्या रंगात उकळलं. वाळल्यावर माळ पुन्हा खिशात ठेवली.

सुटल्यावर ओताकर मला घालूनच त्या गावी गेला. दार शेजारणीने उघडलं. म्हातारी आदल्या वर्षी वारली होती.

"नाताळला जास्तीचं ताट आम्ही सगळेच मांडतो, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी," ती म्हणाली. "पण आजींचं लक्ष दाराकडे असायचं. म्हणायच्या, त्याच्याबरोबरचं कुणीतरी येईल."

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असतो. खांद्यावर देशाचं नाव पुन्हा शिवलंय. मुलं विचारतात, यानं किती बॉम्ब टाकले? खिशात काय आहे, कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मला कसर लागू नये म्हणून तुम्ही किती जपता. दुसऱ्याने सोपवलेली वस्तूही जपा. पण फार दिवस जपू नका.

वेंडेलिनचं गाव आमच्या गावापासून पुढच्याच स्टेशनावर होतं.