बाहेरचं लागलं, ते मीच!

मी लायसिन बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. मी साबण नाही की फवारणीचं औषध नाही. कधीतरी हुलगा, म्हणजे कुळीथ, खाल्लाय ना? मग आपली जुनी ओळख आहे, फक्त कुणी गाठ घालून दिली नाही एवढंच.

आम्ही वीस भावंडं. माणसं आम्हाला अमिनो आम्लं म्हणतात. आडनाव आम्ल, पण स्वभाव एकाचा एकाला नाही. कुणी खरंच आंबट, कुणी ना इकडचा ना तिकडचा, आणि मी तर पार उलटा, अल्कलीच्या वळणाचा. कुणी पाण्याला बिलगतो, कुणी पाणी दिसलं की तोंड फिरवतो.

एकेकटे आम्ही म्हणजे सुटे मणी. एकामागोमाग ओवले की माळ होते, आणि माळ आपल्याभोवती वळून घडी घालून बसली की तिला प्रथिन म्हणायचं. मणी तेच, पण ओवण्याची तऱ्हा निराळी. एका तऱ्हेनं केस होतात, दुसरीनं दंडाचं मांस, तिसरीनं रक्तात प्राणवायू वाहणारा हमाल. अन्न कातरणाऱ्या कात्र्या, रोगाला अडवणारे राखणदार, साखरेचा निरोप नेणारं इन्सुलिन, सगळी आमचीच कुळी.

आता घरातली धुसफूस सांगतो. विसातली अकरा भावंडं माणसाचं शरीर घरच्या घरी बनवतं. ती घरची. आम्हा नऊ जणांना मात्र ते बनवू शकत नाही, आम्हाला ताटातूनच यावं लागतं. म्हणून आम्ही बाहेरचे. पुस्तकं आम्हाला 'आवश्यक' म्हणतात, तेव्हा घरच्यांची तोंडं वाकडी होतात. "मंग आमी काय बिनकामाचे?" त्यांचंही खरं आहे. लागतात सगळेच.

पण बाहेरच्यांचं गणित नऊवारी लुगड्यासारखं. आठ वार भरजरी असू दे, नववा कमी पडला की काष्टा बसत नाही. आमच्यातला एक तुटला की बाकीचे नुसते बसून राहतात.

माझा जन्म खर्ड्याजवळच्या मुरमाड रानातला. हुलग्याच्या मुळांना बारीक गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, आणि झाड त्यातून आम्हाला घडवतं. शेंगा वाळल्या, त्या रानाच्या मालकीण केशरबाईंनी हुलगा झोडपला, वाऱ्यावर उफणला, आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरला. डबा चुलीमागं. तिथं मी पडून राहिलो, कारण घरात मला कुणी विचारेना.

विचारायला हवं होतं ते निकितानं, केशरबाईंच्या नातीनं. कबड्डी खेळायची. अशी चपळ की समोरच्या पोरींना तिचा फक्त वारा लागायचा. नगरला निवड व्हायची होती आणि तिला त्या संघात जायचंच होतं. त्यासाठी तिनं देवांना वाटून घेतलं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार शिंगणापूरचा. उपासाला चहा आणि साबुदाण्याच्या पापड्या. उरलेल्या दिवशी ठेचा-भाकरी. हुलगा पुढं आला की नाक मुरडायची.

"घोड्याचं खानं हाय ते, आजे. मला न्हाई घोडी व्हायचं."

"आगं, घोडं पळतं तरी! तू बसलीयास कोंबडीवानी मान टाकून."

आणि खरंच मान पडली होती. गुडघा खरचटला होता, तो भरेना. फणीत केसांचे गुंते यायला लागले. दोन चढाया केल्या की पोरगी मैदानाच्या कडेला बसायची. निवड तोंडावर आली, आणि खेळ शिकवणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं, "गुडघा असा राहिला तर तुला नेता येणार नाही."

केशरबाईंनी नातीचा डोळा ओढून बघितला आणि निकाल दिला. "हिला बाहेरचं लागलंय."

आमच्याकडे 'बाहेरचं' म्हणजे भूतबाधा, हे तुम्हाला सांगायला नको.

निकिताचे वडील काकासाहेब टेम्पो चालवतात. त्यांनी आजी-नातीला जामखेडला डॉक्टरांकडे नेलं आणि स्वतः टेम्पोपाशी थांबले. तिथं मी नव्हतो, पण निकिताच्या रक्तात माझे चार जातभाई होते, त्यांनी नंतर सांगितलं. डॉक्टर धनश्रीबाईंनी रक्त तपासलं, गुडघा बांधला, आणि समजावायला लागल्या, "आजी, काही गोष्टी शरीराला घरी बनवता येत नाहीत. त्या बाहेरून खाण्यातून घ्याव्या लागतात. हिचं सगळं बाहेरचंच..."

"बाहेरचंच!" केशरबाई उठल्याच. "मी म्हन्लं हुतं!"

"अहो आजी, पुढचं ऐका तरी..."

पण आजी निकिताचा दंड धरून दाराबाहेर. खरं तर पुढच्या वाक्यात मीच होतो.

बाहेर काकासाहेबांनी विचारलं, "काय म्हन्ल्या?"

"बाहेरचं हाय म्हन्ल्या," आजी म्हणाल्या.

निकिता मोठी हुशार. ती म्हणाली, "न्हाई दादा, बाहेरचं खायला पायजे म्हन्ल्या."

झालं! काकासाहेब रोज संध्याकाळी जामखेडच्या गाड्यावरून तिखट लाल नूडल्स आणायला लागले. पोरगी खूष, पण गुडघा जिथल्या तिथं. आणि मी डब्यात बसून ओरडतोय, 'अरे, बाहेरचा मी आहे! हाताच्या अंतरावर आहे!' पत्र्याच्या डब्यातून कुणाला ऐकू जातंय?

निकिताची आई राजेश्वरी एवढंच म्हणाली, "सासूबाई, भूत काढायचं का भूक काढायची, ते एकदा ठरवा."

सासूबाईंनी सुनेकडे जरा बघितलं, आणि डबा काढला.

हुलगा जात्यावर भरडला, पीठ चाळलं. लसूण-मिरची वाटून त्यात मळली. बोटांवर बारीक वेटोळी वळून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली. शेंगोळी! खापरावर करपवलं असतं तर मी अर्धा कामातून गेलो असतो, मला फार खरपूस भाजणं सोसत नाही. पण रश्श्यात मी सुखरूप. ताटात ज्वारीची भाकरी ठेवली, तिथं माझा भाऊ मेथिओनिन भेटला. हुलग्यात तो तुटपुंजा असतो आणि ज्वारीत मी. एका ताटात आलो की लुगडं पुरं.

दिवस कलताना केशरबाईंनी ते ताट निकितावरून ओवाळलं. "मैदानावरच धरलंय हिला. तिथल्या लिंबाखाली उतारा ठिवते. पाठीमागं बघायचं न्हाई कुनी." ताट ठेवून त्या आल्या, आणि निकिताला म्हणाल्या, "जा, सरावाला जा तू."

आता तुम्हीच सांगा, उतारा ठेवलेल्या जागी पोरीला कुणी पाठवतं का? पण मला तेव्हा संशय आला नाही.

सराव संपला. लसणाचा वास सुटलेला. निकिता ताटाभोवती एक फेरी मारून आली. उताऱ्याला तोंड लावलं तर भूत लागतं, हे खर्ड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मैत्रीण ओरडली, "निके, खाऊ नगं! लागंल!"

"लागायचं ते लागूनच झालंय की," निकिता म्हणाली. "मलाच परत कसं लागंल?"

आणि तिनं भाकरी मोडली.

शिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणतात. माणसाच्या आतड्याला मात्र इतकी बारीक दारं असतात की सबंध माळ आत जात नाही. आधी पोटातल्या कात्र्यांनी आम्हाला तोडून सुटं केलं. त्या कात्र्याही प्रथिनंच. म्हणजे आमच्याच भावकीनं आमची माळ तोडली! पण त्यामुळंच मी आत शिरलो, रक्तातून वाहत थेट गुडघ्यावर पोचलो. तिथं नवी कातडी विणायचं काम आमच्यावाचून अडलेलं. मी बाह्या सरसावल्या आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी केशरबाई रिकामं ताट घेऊन आल्या. "निवद घेतला गं बाई! लई भुकेलं दिसतंय." मग रोजच निवद. एकदा शेंगोळी, एकदा मटकी, एकदा उकडलेलं अंडं. शेजारणीनं विचारलं, "भुताला अंडं कशाला वो?" तर म्हणाल्या, "ताकदीचं भूत हाय ते." आणि घरात जाहीर केलं, "बाहेरच्याला उपाशी पोरगी चालत न्हाई. उपास बंद."

हळूहळू गुडघ्यावर गुलाबी कातडी धरली. डॉक्टरांची मलमपट्टी होती, घरचे अकरा होते, माझ्या एकट्याची फुशारकी नाही. पण निकिता परत पळायला लागली. नगरच्या निवडीत एका चढाईत तिघींना शिवून आली, त्याच गुडघ्यावर घसरत रेषेला हात लावला, आणि गुडघा फुटला नाही. नाव पुकारलं तेव्हा काकासाहेबांनी टेम्पोचा हॉर्न इतका वाजवला की बाहेरचा रस्ता थांबला.

संघाबरोबर निघायच्या दिवशी निकिता चुलीपाशी घुटमळली. "आजे, ते बाहेरचं म्हनत हुतं, शेंगोळ्यात लसूण जरा वाढव."

केशरबाईंनी वर न बघता शेंगोळं वळलं. "वाढवते. पर त्याला म्हनावं, ताट घासून ठिवत जा. माझी कंबर दुखती वाकून." आणि मोठा डबा तिच्या हातात दिला. "आनि तिथं उपास करू नगं म्हनावं."

राजेश्वरी पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या डब्यात माझे जातभाई नगरला गेले. मी इथंच आहे, निकिताच्या उजव्या गुडघ्यात, अगदी वरच्या थरात. इथं कुणी कायमचं राहत नाही. जुनी कातडी झडते, नवी येते, मीही एक दिवस धुळीला मिळेन, मैदानावरच बहुतेक. म्हणून जाता जाता तुम्हाला एक विनवणी. चुलीमागचा डबा एकदा उघडा. आम्ही बाहेरचे आहोत, आपण होऊन आत येता येत नाही. आम्हाला आत घ्या, आणि संगती भाकरीही असू द्या.