सातव्याच्या जागी आठवा

"बाई, मदिनाबी जिती हाय. कालच माज्या दुकानाच्या पायरीवर बसून गेली. आज तिचं नाव गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईल. एकदा बघून घ्या." चाँदभाई चार महिन्यांपूर्वी असं म्हणाले, तेव्हा शिवकन्या प्रिंटरच्या कागदाची भोकांची पट्टी फाडत होती. वर न बघताच ती म्हणाली होती, "मशीनला कुणाशी वैर असतं का, चाँदभाई?"

आज ते रेशन दुकानदार पुन्हा टेबलासमोर उभे होते. भांडले नाहीत. यादीवर नुसतं बोट ठेवलं.

"ह्यो सुग्रीव. पोळ्याच्या आधी मेला, मी सोता मातीला गेलतो. त्याचं दहा किलो पोरगा येऊन नेतोय. अन् जित्या बाईला न्हाई. लई हुशार हाय तुमची मशीन."

निराधार म्हाताऱ्यांना महिन्याला दहा किलो धान्य फुकट मिळायचं. त्यांची यादी ठेवायचं कंत्राट सोमेश्वरच्या कॉम्प्युटर क्लासकडे होतं, आणि काम शिवकन्येकडे. गावागावांतून मयतांचे अनुक्रमांक यायचे. ती ते टाकायची, बटण दाबायची, पुढच्या कामाला लागायची.

तिनं खाली चटईवर बसलेल्या आपल्या लेकीच्या, स्वप्नालीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता, पण खोकला छातीत उतरल्यासारखा वाटत होता. पोरगी बरी असली की दानम्मा सांभाळायची. दानम्मा म्हणजे नवऱ्याची विधवा चुलती, मागच्या खोलीत राहणारी. स्वप्नालीच्या पुढ्यातले दहा चिंचोके उचलून शिवकन्येनं टेबलावर ओळीत मांडले. तिसऱ्यावर आणि सातव्यावर खडूची खूण केली. हे दोघं मेलेले.

तिसरा उचलला. मधली जागा बुजवायला बाकीचे वर सरकवले. मग वरून मोजत सातव्यावर बोट ठेवलं, तर ते बिनखुणेच्या आठव्यावर पडलं. खुणेचा सातवा सहाव्या जागी सुखरूप बसला होता.

तिनं पडद्यावर प्रोग्राम उघडला.

प्रोग्राम सोमेश्वरनं लिहिला होता. एक नाव खोडलं की लगेच यादी आवळायची, अशी त्यात ओळ होती. प्रत्येक खेपेला पहिला मयत बरोबर जायचा. दुसऱ्यापासून एकेक जिवंत माणूस. आधी सगळी नावं खोडून शेवटी एकदाच आवळायचं, एवढंच करायला हवं होतं. तिनं ती ओळ उचलून नावं खोडणाऱ्या फेऱ्याच्या बाहेर, शेवटी ठेवली. चार मिनिटांचं काम. जुन्या फ्लॉप्या ताडून बघायला मात्र दुपार गेली. सव्वीस जिवंत माणसं कापली गेली होती.

सोमेश्वर चहा घेऊन आला, तेव्हा तिनं कागद पुढं केला.

"झालं ना दुरुस्त? मग पुढच्या महिन्यापासून नीट चालंल."

"आणि ही सव्वीस?"

"अर्ज करतील. तलाठ्याचा हयातीचा दाखला आणतील."

"चूक आपली आहे, सर."

"आपली?" तो हसला. "कंत्राट गेलं तर तुमी लेकरू घेऊन कुठं बसणार, ताई? इथं तुमाला कुणी काय म्हणलंय का आजवर?" त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "मेलेले काढा. जागा रिकाम्या होतील, त्यात वेटिंगवाले घ्या. कायदा तसाच हाय."

चाँदभाईंच्या दुकानाची वेटिंग यादी तिनं ड्रॉवरमधून काढली. ती तिला पाठ होती. पहिलं नाव दानम्माचं. 'एकटी, आधार नाही' असं अर्जात शिवकन्येनंच लिहून दिलेलं. दानम्माचं ताट रोज शिवकन्येच्या नवऱ्याच्या डोळ्यांवर यायचं. "खायला एक तोंड जास्त हाय, नेकनूरला भावाकडं धाडून देऊ," हे तो या महिन्यात दोनदा बोलला होता. दानम्मा गेली की पोरीला बघणारं कुणी नाही. मग नोकरी नाही.

यादीतून सुग्रीव गेला. या वेळी नेमका सुग्रीवच गेला. चाँदभाईंच्या दुकानात एवढी एकच जागा रिकामी झाली आणि पडद्यावरची खूण लुकलुकत राहिली.

शिवकन्येनं 'म' टाकला. मागं स्वप्नाली खोकली, एकदा, मग थांबून पुन्हा. तिनं 'म' पुसला.

दुसऱ्या दिवशी चाँदभाईंनी नवी यादी उभ्या उभ्या वाचली. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि दानम्माच्या नावावर थांबलं. ती कुणाच्या घरची, हे त्यांना ठाऊक होतं.

"मदिनाबीला काय सांगू?"

"अर्ज करायला सांगा. हयातीचा दाखला लागंल."

"ती आता दाराभाईर निघत न्हाई, बाई." त्यांनी यादीची गुंडाळी केली. "असू द्या. मशीन दुरुस्त झाली, लई झालं."

त्या महिन्यापासून यादीत एकही चूक नाही. दानम्मा पोरीला सांभाळते, आणि तिच्या ताटाबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मदिनाबी राहते त्या मांजरसुंब्याच्या गल्लीत शिवकन्या अजून गेलेली नाही. तुम्ही कधी फाट्यावर उतरलात, तर मशिदीच्या मागं जा. निळ्या दाराचं एकच घर आहे. मदिनाबी म्हणून हाक मारा, आणि आतून ओ येते का, तेवढं बघा.